सिंहाला हळद, नळीत काथ्या

घोडा ओढून बघू नका. घरातल्या प्रत्येकाला तीच हौस असते, आणि पुतण्याचा हात तर आत्ताच पुढे येतोय. त्याला बाजूला बसवा. तुमच्यासमोर पाटावर, जुनेरात गुंडाळलेलं, सव्वा-दीड किलो वजनाचं, तपकिरी पोपडे धरलेलं एक ठासणीचं पिस्तूल आहे. मिऱ्या बंदराकडच्या एका जुन्या घराची कौलं उतरवताना ते पोटमाळ्यावर, वासा आणि भिंत यांच्या सापटीत सापडलं. घर कुणाचं ते सोडा. अशी घरं रत्नागिरीत पुष्कळ आहेत.

पिस्तूल कुणाचं, हे घरच्यांनी तुम्ही यायच्या आधीच ठरवून टाकलंय. थोरले म्हणतात, थिबा राजाचं. धाकटे म्हणतात, सावरकरांचं. शेजारचे गुरुजी थेट आंग्र्यांपर्यंत पोचतात. रत्नागिरीत काहीही जुनं सापडलं की हीच तीन नावं फिरून फिरून येतात. वाद घालू नका, हिशेब करा. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ साली इथं आला तो इंग्रजांचा कैदी म्हणून. त्याच्या उशाला पिस्तूल कोण ठेवू देणार? सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर धाडली ती वीस ब्राउनिंग पिस्तुलं होती, एक गोळी सुटली की दुसरी आपोआप वर घेणारी. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या नाटकगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलं ते त्यांतलंच. पाटावरच्या या धुडात दारू आणि गोळी तोंडातून ठासावी लागते. दोन नावं गेली. आंग्र्यांचं उत्तर लोखंडच देईल, जरा धीर धरा.

त्याआधी माडाच्या झावळीचा एक जाड, सरळ हीर मागून घ्या. लोखंडी सळई नको. हीर नळीच्या तोंडातून हलकेच आत सोडा, तळाला टेकला की तोंडाशी नखानं खूण करा, बाहेर काढून नळीच्या अंगालगत धरा. टोक मागच्या जाळाच्या भोकापर्यंत पोचायला हवं. पोचत नाही. चांगलं दोन बोटं अलीकडेच थांबतं.

नळी भरलेली आहे.

हे कळल्यावर माजघरात जी शांतता होते तिचा फायदा घ्या आणि पोलिसांना फोन करायला सांगा. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर काय, दीडशे वर्षांनीही पेटते. तिला म्हातारपण नसतं. शिवाय हे असंही कळवायलाच हवं. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं ४५ वं कलम, दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा जुन्यापान्या हत्याराला सूट देतं खरं, पण हे पिस्तूल त्यात बसतं की नाही हे ठरवणं तुमचं काम नाही. आणि शंभर वर्षांवरची वस्तू म्हणून १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहेच. लंडनच्या लिलावात नेऊन विकायचं पुतण्याच्या डोक्यात असेल तर ते आत्ताच काढा.

जाणकार माणसं येतात, मागून पाणी मुरवून दारूचा चिखल करतात, मग तोंडातून फिरकीचा आकडा घालून एकेक ऐवज बाहेर ओढतात. आधी एक चेंडू. कसला? काथ्याचा. सुंभ वळायच्या आधीचा, पिंजलेला, आपल्याच नारळाचा काथ्या. मग शिशाची गोळी, वर पांढुरकी साय धरलेली. मग काळा गाळ. कागदपत्रं होतात, पंचनामा होतो, आणि रिकामं पिस्तूल रीतसर तुमच्या टेबलावर येतं. काथ्याचा चेंडू मागून घ्या. डबीत ठेवा. त्याच्याकडे आपल्याला जायचंय, पण रांगेनं. वरचा थर आधी.

वरचा थर खोबरेलाचा आहे. वर्षानुवर्षं हात फिरवलेला, खवट होऊन गोंदासारखा घट्ट बसलेला. कोकणात लोखंडाला खोबरेल चोपडणं म्हणजे माया; पण तेल आंबतं, आणि लोखंडाला ते खातच राहतं. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन टिपत चला. चोळायचं नाही, टिपायचं. घोड्याखालची लोखंडी पाटी हळूहळू वर येते, आणि तिच्यावरच्या कोरीव खाचांत अचानक पिवळं दिसतं. पिवळ्यावर लाल. भिंग घ्या. मागच्या पायांवर उभा राहिलेला, पुढच्या पंजांत मुकुट धरलेला एक सिंह आहे, नखाएवढा, आणि त्याच्या आयाळीत हळद-कुंकू भरलंय.

भिंगातून मान वर करू नका. आता पाटीचा थंडपणा जातो, तिच्यावर ऊन बोटांची ऊब आहे.

दसरा, १९३१. दार लोटून घेतलंय, कारण व्हाइसरॉय लिटनच्या १८७८ च्या कायद्यापासून परवान्याशिवाय हत्यार बाळगणं हा गुन्हा आहे आणि परवाना या घरात कुणी पाहिलेला नाही. पाटावर कोयता, विळी, आडकित्ता, आणि सगळ्यांच्या मधोमध हे. घरची म्हातारी हळदीचं बोट सिंहाला लावते, मग कुंकवाचं. "देवीचा आहे हो तो," ती तुम्हाला सांगते, तुम्ही कोण, कुठून आलात हे न विचारता. "मुकुट आणलाय बघा तिच्यासाठी." रत्नदुर्गावरच्या भगवतीपर्यंत तिचा हात जातो, तिथूनच नमस्कार होतो. याच वर्षी फेब्रुवारीत गावात पतितपावन मंदिर उघडलंय. सावरकर स्थानबद्ध म्हणून गावातच आहेत, आणि ओटीवर बसलेला एक पोरगा दुसऱ्याच्या कानाला लागून म्हणतो, तात्यारावांनी लंडनहून धाडलेलं आहे हे. दुसरा डोळे मोठे करतो. धाकट्या पातीची ओळख कुठून आली ते तुम्हाला कळलं. परत या.

सिंह देवीचा नाही, ईस्ट इंडिया कंपनीचा आहे. कंपनीच्या हत्यारांवर आधी दुसरी खूण असे: बदामाची आकृती, तिच्या वर चारचा आकडा, पोटात कंपनीची आद्याक्षरं. १८०८ च्या सुमाराला ती गेली आणि हा मुकुटवाला सिंह आला. म्हणजे पिस्तूल त्यानंतरचं. विजयदुर्ग १७५६ साली पडला, तुळाजी आंग्रे कैदेत गेले, आणि गुरुजींचं नावही गेलं. ते जरा नाराज होतील. चहा घ्या त्यांच्याबरोबर.

आता प्रश्न त्या पिवळ्याचा. कुठलाही हौशी दुरुस्तीवाला खाचा दाताच्या ब्रशनं घासून स्वच्छ करील, फोटोत सिंह छान उठून दिसेल म्हणून. माझं मत साफ उलटं आहे. कंपनीचे सिंह जगभरच्या संग्रहांत ढिगानं आहेत; हळद लागलेला हा एक. पिवळं आहे तसं राहू द्या, वरून मेणाचा पातळ हात द्या, पुरे.

नळीवर मात्र हात चालवावा लागेल. गंज दोन जातींचा असतो. काळपट-तपकिरी, घट्ट, नखाला न लागणारा: तो बसला तर बसू दे, तोच आता नळीची कातडी आहे. दुसरा लालभडक, भुसभुशीत, आणि पावसाळी हवेत ज्याच्यावर बारीक थेंब फुटतात. त्यात समुद्राचं मीठ आहे, आणि मीठ आत असेपर्यंत तो पोखरतच जाणार. हे काम घाईचं नाही. दस्त्यातून सुटी केलेली नळी अल्कली मिसळलेल्या शुद्ध पाण्यात भिजत ठेवायची, पाणी बदलत राहायचं, मग स्पिरिटनं पाणी हाकलून मंद उबेत वाळवायची, आणि बांबूच्या कुसळानं, नाहीतर भिंगाखाली बारीक पात्यानं, लाल तेवढं सोडवायचं. घासकागद नको, फिरता बफ नको. लिंबू, चिंच, आमसूल सगळं स्वयंपाकघरात परत. आपल्याकडे मिळणारी एक वस्तू मात्र कामाची आहे: हिरडा. सह्याद्रीतला हिरडा कातडं कमावायला आणि शाई करायला गेला तो त्यातल्या टॅनिनसाठी. तेच टॅनिन उरलेल्या गंजाशी मिळून निळसर काळं, शांत पूट धरतं. संवर्धनवाले शुद्ध टॅनिक आम्ल वापरतात, तुम्हीही तेच वापरा. पण लाल गंज बघता बघता काळा पडायला लागला की हिरड्याची शाई आठवल्याशिवाय राहत नाही. रसायन एकच.

दस्ता अक्रोडाचा, मनगटाशी चिरलेला. चिरेवर तांब्याची तार आवळून गुंडाळलीय आणि तिच्या फटींत लाख ओतलीय. धूर इतका मुरलाय की लाकूड नाकाशी धरलं तर चूल कळते. त्या धुरानंच वाळवी लांब राहिली असणार. चुलीच्या वरच्या माळ्यावर बीबियाणं ठेवायची पद्धत काही उगाच नव्हती. तार सोडायची नाही. डबी उघडा आणि काथ्याचा चेंडू तळहातावर घ्या.

काथ्यावर तारीख नसते. म्हणून रात्र तुम्हीच निवडायची, आणि मी तुम्हाला ऑगस्ट १८५७ सुचवतो.

पाऊस असा की समोरचा माड दिसत नाही. घर अजून कौलारू नाही, शाकारलेलं आहे, आणि पेंढ्यातून पाणी कुठेकुठे टपकतंय. म्हातारा तांडेल चुलीपाशी उकिडवा बसलाय. ३१ जुलैच्या रात्री कोल्हापुरात २७ वी पलटण उठली, ही बातमी घाट उतरून आलीय, आणि येताना वाढलीय. कुणी म्हणतं शिपाई किनाऱ्याकडे निघालेत, कुणी म्हणतं गोरे निघालेत. तांडेलाला दोघांचीही भीती आहे. सरकार जिंकलं तर घरोघर हत्यारं शोधील, शिपाई जिंकले तर कंपनीची पेन्शन खाणाऱ्याला शोधतील. "भरून ठेवतो," तो म्हणतो. बायको काही बोलत नाही, कोपऱ्यातल्या ढिगातून काथ्याची मूठ उचलून पुढे करते.

बघा त्याचे हात. दारू मापून नव्हे, तळहाताच्या खळग्यात अंदाजानं. मग गोळी. मग काथ्याची गोळी वळून वर, गोळी घरंगळू नये म्हणून. गज केव्हाच हरवलाय, म्हणून तो वेताची काठी वापरतो. टोपी मात्र बसवत नाही, ती वेगळी, कमरेच्या बटव्यात. दस्त्याची चीर तेव्हाच आहे. तार ताजी, लालसर चमकणारी. मग तो उठतो, पिस्तूल जुनेरात गुंडाळून आढ्यालगत पेंढ्यात खुपसतो, हात झटकतो आणि जेवायला बसतो. पुढं दोन्हीकडून कुणीच येत नाही. पुढच्या वर्षी कंपनी जाते, राणीचं राज्य येतं, हत्यारबंदी मागोमाग. काढून झाडावं तर आवाज होईल, म्हणून राहूनच जातं. घर पुढं कौलारू होतं, पिस्तूल पेंढ्यातून पोटमाळ्यावर जातं, आणि भरलेल्या पिस्तुलाची वर्षानुवर्षं पूजा होते, पोराबाळांच्या देखत. अंगावर काटा आणायला एवढं पुरे आहे.

परत टेबलावर. आता पाटी काढायची. घोडा गंजून जागच्या जागी गच्च झालाय, त्याला तेल पाजत राहा, जबरदस्ती नको. समोरच्या बाजूच्या दोन मळसूत्रांच्या खाचा हातकरवतीनं पाडलेल्या, केसाएवढ्या अरुंद. बाजारातला पेचकस त्यांत शिरणार नाही आणि शिरवला तर खाच फाडील. पेचकसाचं टोक कानशीनं घासून या खाचेपुरतं करा. पाटी अलगद सुटते. बाहेरून पाहा: घोड्याच्या पुढं लोखंडात दोन गोल ठिपके, भोकं बुजवलेली, रंगानं जराशी वेगळी. त्यांच्या वर अर्धचंद्र खाच पितळेनं भरलेली. या पाटीवर पूर्वी काहीतरी होतं आणि ते काढून टाकलंय. चकमकीची झडप होती, तिची कमान होती, रंजक ठेवायची वाटी होती. हे टोपीचं पिस्तूल जन्मानं टोपीचं नाही. चकमकीचं होतं, मागाहून बाटवलंय.

१८४५, मुंबई, कोटाबाहेरचा एक लोहार. तांडेल अजून चाळिशीतला, नोकरीत, आणि कंपनीनं मोडीत काढलेल्या मालातून हे त्यानं उचललंय. लोहार पाटी शेगडीच्या उजेडात धरतो. "वाटी कापतो, पितळ भरतो, बाजूनं नळ काढून वर बोंडी बसवतो. घोडा नवा लागेल." टोपी म्हणजे तांब्याची इवलीशी वाटी, आत पाऱ्याच्या क्षाराचा ठिपका; घोडा आपटला की ठिणगी थेट नळीत. फोर्साइथ नावाच्या एका स्कॉटिश पाद्रीला पाखरांची शिकार करताना चकमकीचा जाळ आधी दिसून पाखरं उडून जात, या वैतागातून आपटून पेटवायची ही कल्पना निघाली; १८०७ साली त्यानं तिचा हक्क घेतला. इंग्रजी फौजेला ती पटायला तीसेक वर्षं लागली. तांडेलाला पटायला एक सकाळ पुरली होती. लोहार घासाघीस करू लागतो तसा तो म्हणतो, "दे रे काय मागतो ते. ओली पडलेली चकमक मी बघितलीय."

कुठे, ते दस्त्याच्या डाव्या अंगाला आहे. तिथं एक भोक आहे ज्याला आता काही काम नाही, आणि त्याच्यापुढं लाकडात बोटभर लांबीचा झिजलेला पट्टा. तिथं पोलादी आकडा होता. घोडेस्वाराचं पिस्तूल खोगिराच्या पिशवीत बसतं, त्याला आकडा लागत नाही. आकडा कमरपट्ट्याला लटकवायला, म्हणजे ज्याला दोन्ही हातांनी दोर धरून चढायचंय त्याला. हे जहाजावरचं हत्यार आहे. थिबाच्या राजवाड्याचा उरलासुरला वास इथं संपतो आणि खारा वारा लागतो.

१९ जानेवारी १८३९, एडन. काळ्या, उघड्याबोडक्या डोंगराखाली 'व्होलेज' आणि 'क्रूझर' ही राणीची जहाजं सीरा बेटाच्या तटबंदीवर तोफा डागताहेत. कंपनीच्या आरमाराचं 'कूट' आणि 'माही' सोबत आहेत. मुंबईहून आलेली फौज होड्यांत उतरतेय, तिच्यात २४ वी मुंबई पलटण. व्हिक्टोरियाच्या राज्यातला हा पहिला मुलूख, कोळसा भरायला एक बंदर हवं म्हणून घेतलेला, आणि वल्ह्यांवरचे शब्द मराठी. तुम्ही तांडेलाच्या होडीत बसला आहात, गुडघ्यापर्यंत पाणी. हत्यारांच्या पेटीतून मिळालेलं पिस्तूल त्याच्या कमरेला डाव्या बाजूला, आकड्यावर.

लाट येते. होडीभर शिंतोडे. किनाऱ्यावरच्या खडकामागून कुणीतरी उठतो, तांडेल पिस्तूल उपसून घोडा मागे घेतो, चाप ओढतो. इंग्लंडातल्या ब्रँडनच्या खाणीतली काळी चकमक झडपेवर खण्णकन आपटते, झडप उघडते, ठिणग्या वाटीत पडतात. वाटीत रंजक नाही, काळी पेज आहे. काही होत नाही. खडकामागचा माणूस तांडेलाकडे बघतो, तांडेल त्याच्याकडे, आणि दोघंही, कुणाच्या नशिबानं कोण जाणे, खाली वाकतात. तो दिवस कंपनीचा ठरतो. तांडेल दिवसभर शिव्या घालतो त्या चकमकीला.

अजून एकच थर उरलाय, तो पाटीच्या आतल्या बाजूला. तिथं गंज जवळजवळ नाही. तेल आणि लाकूड यांच्या मिठीत राहिलेलं लोखंड करडं, गुळगुळीत आहे. मुख्य कमान, तिच्यावरची चाकी, चापाची पट्टी, आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेला कानशीचे छोटे काप: दोन आडवे, दोन आडवे, पुन्हा दोन. प्रत्येक मळसूत्राच्या माथ्यालाही दोन. हाताच्या कामात एका पिस्तुलाचं मळसूत्र दुसऱ्याला लागत नाही, म्हणून कारागीर आपल्या तुकड्यांना अशी खूण करून ठेवी. एका मळसूत्राला काप नाहीत, आटे जाडेभरडे. ते मुंबईच्या लोहाराचं. बदलू नका. टोपीची बोंडी तुटलीय, तीही नवी बसवायची नाही: हे पिस्तूल पुन्हा झाडता आलं तर ती दुरुस्ती नव्हे, गुन्हा होईल, आणि शिवाय तांडेलाच्या घरातली शेवटची गोष्ट त्या तुटक्या बोंडीशीच थांबलेली आहे. काप मात्र बोटानं चाचपून बघा.

१८१३, लंडन, थंडी. लीडनहॉल स्ट्रीटच्या ईस्ट इंडिया हाउसपासून फार लांब नसलेली एक वखार. पलीकडे नेपोलियनशी लढाई चाललीय, या वर्षी पार्लमेंटनं कंपनीचा हिंदुस्थानच्या व्यापारातला मक्ता मोडून काढलाय, चहाचा आणि चीनचा तेवढा ठेवलाय; तरी हत्यारांच्या पेट्या भरायच्या थांबलेल्या नाहीत. लांबलचक मेजावर पिस्तुलं ओळीनं. कंपनीचा तपासनीस एकेक उचलतो, नळीतून खिडकीकडे बघतो, घोडा ओढून सोडतो, दस्ता ठोकून आवाज ऐकतो. काळ ओलांडून आलात तर भाषेची कसली अडचण, सरळ बोला.

त्याच्या हातात आत्ता तुमचंच आहे. अक्रोड कोवळ्या तपकिरी रंगाचा, पितळ बघवत नाही इतकं पिवळं, सिंहाच्या आयाळीत काहीच नाही. त्याला ते पसंत पडतं, तो पेटीकडे सरकवतो. शेजारी कारकून, मोठी वही, शाईची दौत.

"हे रत्नागिरीला जाणार आहे," तुम्ही सांगता.

कारकून पानं उलटतो. मुंबई सापडते, सुरत सापडते. "बाणकोट आहे आमच्याकडे, फोर्ट व्हिक्टोरिया. रत्नागिरी पेशव्यांची. तिथं आमचा माल उतरत नाही."

"मुंबईला लिहा," तुम्ही म्हणता, "पुढचं तिथला तांडेल बघून घेईल."

"तांडेल म्हणजे कोण?"

तपासनीसाला हे ऐकायला वेळ नाही. त्यानं पुढचं पिस्तूल उचललंय, आणि त्याच्या दस्त्यात, नेमकी मनगटाशी, एक गाठ निघालीय. तो ते उजेडात फिरवतो, ओठ मुडपतो आणि परत पाठवायच्या ढिगात टाकतो.